पाकाचा टक्का सांगणारी नळी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

मार्च लागला की आमच्या पार्ल्याच्या घरी दर पंधरा दिवसांनी चार किलो साखरेचा पाक होतो. लिंबू सरबताला, कोकमाच्या आगळाला, मुलाच्या कोल्ड कॉफीला, सगळ्याला तोच पाक. गार पाण्यात साखर ढवळत बसावं लागत नाही आणि दारात पाहुणे उभे राहिले तरी दोन मिनिटांत सहा ग्लास तयार होतात. साध्या पाकाच्या जोडीला एखादा घाणा आल्याचा, एखादा वाळ्याचा. बाटल्या डोंबिवलीला नणंदेकडे जातात, पुण्याला धाकट्या बहिणीकडे जातात, बिल्डिंगमध्ये तर जातातच. दुसऱ्याच्या घरी बाटली द्यायची म्हटल्यावर ती महिनाभर नीट टिकली पाहिजे, आणि माझं घोडं तिथेच अडत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये नणंदेचा फोन आला, "वहिनी, बाटली उघडली तर फस्स झालं आणि वास आंबूस येतोय." तो पाक मी वाटीने केला होता, एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी. पुढच्या खेपेला मी घाबरून चांगला दाट केला, तर आठ दिवसांत बाटल्यांच्या तळाशी खडीसाखर बसली. बोटभर थर, चमच्याने फुटेना. पातळ केला तर आंबतो आणि दाट केला तर साखर परत बसते. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे, आणि ती डोळ्यांनी किंवा बोटांनी सापडत नाही. ती शोधायला मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाकातल्या साखरेचा टक्का दाखवणारी नळी, घेतला. आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाला आहे, म्हणून लिहिते.

आधी ती जागा कुठली ते सांगते, नाहीतर हे यंत्र कशाला हवं ते कळणार नाही. वाटीला वाटी घेतलेला पाक वजनाने जेमतेम ४५-४६ टक्के साखरेचा असतो, कारण साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते आणि वाटीभर साखर वाटीभर पाण्यापेक्षा हलकी भरते. एवढ्या साखरेत बुरशी आणि यीस्ट सुखाने वाढतात. साखर ६५ टक्क्यांच्या घरात गेली की ती पाण्याला इतकं धरून ठेवते की त्यांच्या वाट्याला पाणी फारसं उरत नाही. म्हणजे खालची हद्द ६५. वरची हद्द साखर विरघळण्याची. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते, फ्रिजच्या गारव्यात १८५ च्या आसपास. त्यापेक्षा जास्त घातलेली साखर आज ना उद्या खाली बसणार. या हिशेबाने फ्रिजमधल्या पाकाला ६५ च्या आसपास एवढीच जागा उरते. फार तर ६७, आणि तीही बाटली बाहेर राहणार असेल तर.

मग थर्मामीटर का नाही? तो मी आधी घेऊन पाहिला. क्रॉफर्ड मार्केटमधून केकचं सामान मिळतं तिथून काचेचा आणला, पातेल्याला अडकवायचा. साठ टक्क्यांचा पाक साधारण १०३ अंशांना उकळतो आणि सत्तर टक्क्यांचा साधारण १०५ ला. म्हणजे मला हवी असलेली सगळी हालचाल त्या दोन अंशांच्या आत होते. माझ्या थर्मामीटरने नुसतं उकळतं पाणी ९८ दाखवलं. मुंबई समुद्रकाठी, इथे पाणी १०० ला उकळायला हवं. दोन अंशांचं काम आणि दोन अंशांचीच चूक, मग त्या आकड्यावर भिस्त कशी ठेवायची? पुण्याच्या बहिणीची अडचण आणखी वेगळी. तिथे उंचीमुळे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, त्यामुळे मी फोनवर सांगितलेला आकडा तिच्या गॅसवर लागूच पडत नाही. टक्का मात्र पार्ल्यात आणि कोथरूडमध्ये सारखाच.

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे वीतभर लांबीची नळी. एका टोकाला तिरकी काच आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची भिंग. काचेवर पाकाचे दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. साखर जितकी जास्त तितका पाकातून जाणारा प्रकाश जास्त वाकतो, आणि आतल्या पट्टीवर वरचा निळा आणि खालचा पांढरा भाग जिथे मिळतात ती रेघ तितकी वर सरकते. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. आकड्याला ब्रिक्स म्हणतात. साखरपाण्यापुरतं ब्रिक्स म्हणजे वजनाने साखरेचा टक्का.

पहिल्या खरेदीत माझे पैसे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर सांगते. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. प्रयोगशाळेच्या काचसामानाची आणि उपकरणांची दुकानं तिथे ओळीने आहेत. पहिल्या दुकानात "साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर द्या" म्हटलं आणि दुकानदाराने काहीही न विचारता एक डबी काढून दिली. साडेअकराशे रुपये. घरी येऊन पाक टाकला तर आत सगळं पांढरंफटक, रेघच नाही. पुन्हा पुसला, पुन्हा टाकला, तेच. तो शून्य ते ३२ चा होता, फळांच्या रसासाठी आणि उसाच्या रसासाठी. ६५ चा पाक त्याच्या पट्टीच्या कितीतरी वर. परत करायला गेले तर वापरलेला माल घेत नाही म्हणाले. निदान कशासाठी हवा एवढं तरी त्यांनी विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. शेजारच्याच गल्लीत एक वयस्कर दुकानदार भेटले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "ताई, रस मोजायचा आहे की मध?" पाक म्हटल्यावर त्यांनी ५८ ते ९० चा काढला, मधमाश्या पाळणारे वापरतात तो. अठराशे पन्नास. हाच मी वर्षभर वापरते आहे. दुकानात जाल तेव्हा यंत्राचं नाव सांगून थांबू नका, "५८ ते ९० ब्रिक्स" असा आकडाच सांगा.

या मधाच्या यंत्रात डोळा लावला की तीन पट्ट्या शेजारी शेजारी दिसतात. एक ब्रिक्सची, एक बॉमेची (दाटपणाचं आणखी एक माप) आणि एक पाण्याच्या टक्क्याची. पाण्याची पट्टी बघून मी पहिल्या दिवशी गोंधळले, कारण ब्रिक्स आणि पाणी यांची बेरीज शंभर होईना. ती पट्टी मधासाठीच आखलेली असते आणि मधात नुसती ऊससाखर नसते. पाकासाठी फक्त ब्रिक्सची पट्टी बघायची.

आता यंत्र खरं बोलतं की नाही ते कसं ठरवायचं? शून्यापासून सुरू होणाऱ्या यंत्रात पाण्याचा थेंब टाकून शून्य लावता येतं. यात पट्टीच ५८ पासून, पाणी टाकलं तर सगळं निळं दिसतं. डबीत काचेची एक वडी आणि इवलीशी तेलाची कुपी येते, पण वडीवरचा आकडा पुसट झाला होता. ऑलिव्ह तेल टाकलं तर ७१-७२ दाखवायला हवं, असं मधवाले म्हणतात. माझ्याकडे ते तेल नव्हतं आणि तेलापेक्षा साखरेवर माझा जास्त विश्वास. म्हणून मी घरीच कस लावला. डिजिटल काट्यावर झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात १३० ग्रॅम साखर आणि ७० ग्रॅम पाणी घेतलं. बरोबर ६५ टक्के. झाकण लावून डबा गरम पाण्यात ठेवला, मधूनमधून हलवला, अर्ध्या तासात दाणा न दाणा विरघळला. गार झाल्यावर पुन्हा वजन केलं, दोन ग्रॅम घटलं होतं, तेवढं पाणी थेंबथेंब घालून २०० वर आणलं आणि ढवळलं. त्याचे तीन थेंब काचेवर टाकले तर रेघ ६४ वर. डबीतल्या छोट्या पेचकसाने स्क्रू केसभर फिरवला, रेघ ६५ वर आली. त्या दिवशी त्या यंत्राशी माझी खरी ओळख झाली. दर दोन महिन्यांनी मी हा कस लावते. आतापर्यंत फक्त एकदा, तेही अर्ध्या घराने, रेघ हललेली होती.

पाकाची रीत साधी आहे. चार किलो साखर आणि अडीच लिटर पाणी दहा लिटरच्या जाड बुडाच्या पातेल्यात घालते. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद, तोवर उकळी येऊ द्यायची नाही. उकळी आली की एका लिंबाचा रस. आंबटामुळे थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि तसल्या मिसळलेल्या साखरेत खडे सहज धरत नाहीत. मळी काढायला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन चमचे दूध घालायच्या. दूध फाटून कचरा वर घेऊन येतं. आताच्या पांढऱ्या साखरेला त्याची फारशी गरज पडत नाही, पण सुटी साखर कधी मळकट निघाली तर मीही घालते. दोन मिनिटं झाकण ठेवते, वाफेने पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे धुऊन खाली येतात. तो एक दाणा राहिला तरी त्याच्याभोवती बाटलीत साखर जमायला सुरुवात होते, म्हणून ही दोन मिनिटं मी कधी वाचवत नाही.

मग मोजणं. इथे घाई केली की आकडा चुकतो. उकळता थेंब थेट काचेवर टाकायचा नाही. एक तर काच तापते, आणि दुसरं म्हणजे गरम थेंबातलं पाणी काचेवर पोहोचेपर्यंत उडतं आणि पाक आहे त्यापेक्षा दाट दिसतो. मी सुरुवातीला हेच करत होते आणि ६७ बघून गॅस बंद करत होते, प्रत्यक्षात पाक ६५ लाही पोहोचलेला नसे. आता ढवळून, डावभर पाक छोट्या वाटीत काढते, वर ताटली ठेवते आणि वाटी गार पाण्यात ठेवते. तोवर गॅस अगदी बारीक, पातेल्यावर झाकण. पाच मिनिटांनी ड्रॉपरने थेंब टाकते. बुडबुडा राहू द्यायचा नाही. झाकण मिटून अर्धा मिनिट थांबायचं, मग खिडकीशी जायचं.

मुंबईच्या उन्हाळ्याची इथे एक खास अडचण आहे. हे यंत्र तापमानाचा फरक स्वतः सांभाळतं, पण १० ते ३० अंशांपर्यंतच, असं त्याच्या कागदावर लिहिलं आहे. मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर दुपारी ३४ ला असतं, गॅस पेटल्यावर त्याहून जास्त. एकाच पाकाचा आकडा ओट्यापाशी आणि एसी लावलेल्या खोलीत जवळजवळ एका घराने वेगळा आला तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून यंत्र बेडरूममध्येच असतं. वाटी घेऊन मी तिकडे जाते, पूर्वेच्या खिडकीत उभी राहते, पलीकडच्या आंब्याच्या झाडामागून उजेड येत असतो, आणि निळ्याखालची ती पांढरी कड ६५ च्या रेघेला टेकलेली दिसते. पहाटे साडेसहाचं हे काम मला फार आवडतं.

आकडा ६८ वर गेला तर घाबरायचं कारण नाही. सहा किलो पाक असेल तर पावणेतीनशे मिलिलिटर उकळतं पाणी घातलं की तो ६५ वर येतो. कमी असेल तर आणखी उकळायचा. चार किलो साखरेचा ६५ टक्क्यांचा पाक वजनाने सव्वासहा किलोला थोडा कमी भरतो आणि मापाने साधारण ४.७ लिटर. ७५० मिलिच्या सहा बाटल्या भरून वर एक पेला उरतो. तो पेला आमच्याकडे त्याच दुपारी लिंबू पिळून संपतो.

एवढं वाचून कोणाच्याही मनात येईल की मग नुसत्या वजनाने का नाही करायचं? साखर काही उडून जात नाही, उडतं ते पाणी. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा, चार किलो साखर घातली असेल तर पाक ६ किलो १५० ग्रॅमवर आला की तो ६५ टक्के झाला. हे शंभर टक्के खरं आहे. तुम्ही फक्त साधा पाक करत असाल आणि दहा किलोपर्यंतचा काटा घरात असेल, तर रिफ्रॅक्टोमीटर घेऊ नका असंच मी सांगेन. त्यात अठराशे रुपये घालायची गरज नाही. माझं काम आल्याच्या पाकात अडलं. मी आल्याचे काप पाकातच शिजवते. काप स्वतःचं पाणी सोडतात आणि पाकातली साखर पितात, मग मी ते उपसून सुकवून मुलांना खायला ठेवते. किती पाणी आलं आणि किती साखर गेली हे काट्याला कसं कळणार? माझा आल्याचा पहिला मोजलेला घाणा वजनाच्या हिशेबाने ६५ चा व्हायला हवा होता, निघाला ६१ चा. आमच्याकडे नेमक्या आल्याच्याच बाटल्या का फसफसायच्या याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. वाळ्याचं तसं नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला वाळा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, त्या पाण्यात साखर घालते, त्यामुळे तिथे काटा पुरतो.

लाडवांसाठी मात्र हे यंत्र काढूच नका. रव्याच्या लाडवांचा पाक एकतारीवर आला की त्याच क्षणी रवा पडायला हवा. थेंब गार करून मोजेपर्यंत पातेल्यातला पाक पुढे निघून गेलेला असतो. तिथे बोटंच. आई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, दृष्टी अधू झाली आहे, पण अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब धरून त्या तार बघत नाहीत, तिची ओढ बोटांना जाणवते असं म्हणतात. गेल्या दिवाळीत आणि गणपतीत त्यांनी "झाला" म्हटल्याबरोबर मी चमचाभर पाक बाजूला काढून झाकून ठेवला आणि नंतर मोजला. पाच वेळा. ७१ ते ७३ च्या बाहेर एकदाही गेला नाही. मी आकडे सांगितले तर म्हणाल्या, "मला आकडा कशाला? बोट सांगतं की." साठ वर्षं लाडू वळलेल्या हाताचा हा नेमकेपणा यंत्राने मला दाखवला, यासाठीही मी त्याची ऋणी आहे. पण सरबताचा ६५ चा पाक एकतारीच्या बराच अलीकडे असतो. तिथे तार येतच नाही, नुसता चिकटपणा असतो. तो ६० ला काय नि ६६ ला काय, बोटांना सारखाच लागतो.

यंत्राच्या उणिवाही सांगते. काचेवरचं झाकण पहिल्या तीन महिन्यांतच एका बाजूने उचलल्यासारखं झालं, आता बोटाने दाबून धरावं लागतं. पट्टीवरच्या रेघा अर्ध्या-अर्ध्या टक्क्याच्या आहेत. चाळिशी असलेल्या माणसाला चष्मा काढून, भिंगाची चकती फिरवून नजर जमवावी लागते. माहितीच्या कागदावर मधाशिवाय कशाचा उल्लेख नाही. आणि साफसफाई जपून करावी लागते. पाक चिकट, म्हणून हात नळाखाली धरायला जातो, पण ते करायचं नाही. पहिलं, ३२ वालं यंत्र मी तसंच धुतलं होतं, त्याच्या आत पाणी शिरलं आणि भिंगेवर कायमचं धुकं बसलं. जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून, पिळून, दोनदा पुसायचं आणि मग कोरड्या तुकड्याने टिपायचं. झाकणाची आतली बाजूही पुसायची, तिथे राहिलेला पाक वाळला की पुढच्या वेळचा आकडा बिघडवतो.

टक्का बरोबर आला म्हणून बाटलीकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे पावसाळ्याने शिकवलं. जुलैत ६५ चा नीट मोजलेला पाक असूनही एका बाटलीत वरच्या पृष्ठभागावर बुरशीचा ठिपका दिसला. खालचा पाक मोजला तर ६५ च. बाटली अर्धवट गार झाल्यावर भरून लगेच बूच लावलं होतं, आतली वाफ मानेला धरली आणि थेंब होऊन पाकावर उतरली. वरच्या त्या पातळ थरात साखर कमी, बुरशीला तेवढी जागा पुरली. आता काचेच्या बाटल्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून पूर्ण कोरड्या करते, पाक चांगला कढत असतानाच गळ्यापर्यंत भरते, बूच लावून बाटली क्षणभर आडवी करते म्हणजे मानही कढत पाकाने धुऊन निघते. हे करताना मुलांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही. कढत पाक कातडीला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा फार वाईट भाजतो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, आणि तिच्यात ओला चमचा कधीही नाही.

वर्षभरात अकरा घाणे झाले, त्यांतले तीन आल्याचे. ती जुलैची बाटली सोडली तर एकही फेकावी लागली नाही आणि कुठल्याच बाटलीच्या तळाशी साखर बसली नाही. नणंदेकडची आल्याची शेवटची बाटली ऑक्टोबरच्या उकाड्यात, भरल्यापासून चौथ्या महिन्यात उघडली. मी मुद्दाम डोंबिवलीला यंत्र घेऊन गेले होते. थेंब टाकून बघितला, साडेपासष्ट. नणंद म्हणाली, "आता बघून झालं असेल तर ग्लास आण, मी लिंबं कापलीयेत."